प्रश्न तुमचे, उत्तरे आमची : जुने मल्टीमोड सीबी सेट

सीबी, म्हणजे सिटिझन्स बँड, हा २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा रेडिओपट्टा. एएम, एफएम आणि एसएसबी हे आवाज रेडिओलहरीवर चढवण्याचे प्रकार, म्हणजे मोड. एसएसबीत लहरीची एकच बाजू पाठवतात : वरची ती यूएसबी, खालची ती एलएसबी. एएमसोबत यूएसबी आणि एलएसबी, कधी कधी एफएमही असलेल्या सेटला मल्टीमोड म्हणतात. सत्तर-ऐंशीच्या दशकातले असे सेट पुण्यात जुन्या बाजारात, परदेशातून परतलेल्यांच्या माळ्यांवर आणि भंगारात अजून सापडतात. त्यांच्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच विषयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : रविवारी जुन्या बाजारात कोब्रा १४८ जीटीएल मिळाला. विकणाऱ्याने चालू करून दाखवला नाही. घरी थेट १२ व्होल्ट जोडून पाहावेत का? (कोथरूड)

थेट जोडू नका. वर्षानुवर्षे पडून राहिलेला सेट पहिल्याच झटक्यात जळतो, तो बहुतेक वेळा मालकाच्या घाईमुळे. एक संध्याकाळ द्या.

आधी वरचे आणि खालचे झाकण काढा. चांगल्या उजेडात पाहा : तोडलेल्या वायरी, कापलेले डायोड, मागच्या पत्र्याला भोक पाडून बसवलेला जादा टॉगल स्विच, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी डाग, पीसीबीच्या, म्हणजे सर्किट बोर्डाच्या, तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट गंज. जादा स्विच दिसला तर कोणीतरी चॅनल वाढवले आहेत असे समजा आणि त्याच्या वायरी कुठे जातात त्याचे कागदावर चित्र काढा. मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. नंतर हेच कामाला येतात.

आता मल्टीमीटर. सेट बंद ठेवून पॉवरच्या प्लस-मायनस तारांमध्ये रेझिस्टन्स मोजा, मग प्रोब उलटे करून पुन्हा मोजा. दोन्ही बाजूंनी जवळजवळ शून्य आले तर उलट्या जोडणीपासून वाचवणारा डायोड शॉर्ट झालेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त. हा डायोड पॉवरच्या आडवा बसवलेला असतो. कोणी प्लस-मायनस उलटे लावले की तो करंट स्वतःवर घेतो आणि फ्यूज उडवतो. फ्यूजच्या जागी कोणी तांब्याची तार गुंडाळली असेल तर डायोड जातो, पुढे पीसीबीची पट्टीही जळते. जागेवर १एन५४०८ बसवा. पट्टेदार टोक प्लसकडे. फ्यूज ३ अँपिअरचा.

त्यानंतर १३.८ व्होल्टचा सप्लाय घ्या आणि प्लसच्या तारेत गाडीचा १२ व्होल्ट २१ वॅटचा ब्रेकलाइटचा दिवा सिरीजमध्ये जोडा. सेट चालू केल्यावर दिवा अगदी मंद किंवा विझलेला राहिला तर ठीक. रिसीव्हवर सेट अर्ध्या अँपिअरपेक्षा कमीच घेतो. दिवा झगझगीत पेटला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. हा रुपया-दोन रुपयांचा नव्हे, पण फार स्वस्त विमा आहे.

दिवा मंद राहिला तर तसाच वीस मिनिटे चालू ठेवा. स्पीकरमधून सूं आवाज येतो का, चॅनलचे आकडे नीट लागतात का, व्हॉल्यूम फिरवताना खरखर होते का ते पाहा. खरखर असेल तर पॉटच्या (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरच्या) बारीक फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि नॉब तीस-चाळीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा. बिजागऱ्यांना मारायचे तेलकट स्प्रे इथे वापरू नयेत, त्यांचा थर राहतो आणि त्यावर धूळ बसते.

ट्रान्समिटची तपासणी दिवा काढून करायची, आणि अँटेनावर नाही, डमी लोडवर, म्हणजे पॉवर उष्णतेत जिरवणाऱ्या रेझिस्टरवर. १ किलोओहम २ वॅटचे २० मेटल ऑक्साइड रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम, ४० वॅटचा लोड तयार होतो. वायरवाउंड रेझिस्टर घेऊ नका, ते कॉइलसारखे वागतात. तपकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत रेझिस्टर आणि एसओ-२३९ (अँटेनाच्या केबलचे) सॉकेट मिळतात. रेझिस्टरच्या तारा शक्य तितक्या आखूड ठेवा.

या लोडवर एक १एन४१४८ डायोड आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की साधा मल्टीमीटरच पॉवरमीटर होतो. सूत्र असे : मीटरवरच्या डीसी व्होल्टमध्ये ०.७ मिळवा, वर्ग करा, १०० ने भागा. एएमवर ४ वॅट कॅरियर (आवाज नसतानाची मूळ लहर) असेल तर साधारण १९.३ व्होल्ट दिसतील. पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ बटण दाबू नका. यूएसबीवर न बोलता बटण दाबले तर जवळजवळ शून्य दिसायला हवे, कारण एसएसबीत कॅरियर पाठवलाच जात नाही. तिथेही व्होल्ट दिसले तर कॅरियर बॅलन्स बिघडला आहे.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलायचे असतील तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, व्होल्टेज एक पायरी वरचे आणि १०५ अंशांचे घ्या. एका बैठकीत सगळे बदलू नका. दोन बदलले की सेट चालवून पाहावा, म्हणजे चूक झाली तर ती कुठे झाली हे कळते. आणि एक कळकळीची विनंती : कॉइलच्या आतले फेराइटचे स्क्रू 'जरा फिरवून बघू' म्हणून हलवू नका. फॅक्टरीत लावलेले ट्यूनिंग वयामुळे थोडेच सरकते, स्क्रूड्रायव्हरने मात्र पूर्ण जाते. लोखंडी टोकाने तर गाभाच फुटतो.

प्रश्न : 'सीबी लायसन्स-फ्री आहे' असे विक्रेता म्हणतो. मग १२ वॅटचा जुना सेट गच्चीवर अँटेना लावून वापरता येईल का? (सदाशिव पेठ, वाकड)

नाही. विक्रेत्याचे वाक्य अर्धे खरे आहे आणि उरलेले अर्धेच महत्त्वाचे आहे.

केंद्र सरकारने २००५ साली २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याच्या अटीतून मोकळा केला, पण अटी घालून : कमाल ५ वॅट, अँटेना सेटलाच अंगभूत, आणि इतरांना अडथळा न करता, स्वतःला संरक्षण न मागता, सामायिक वापर. शिवाय उपकरणाला प्रकारमान्यता लागते. जुना अमेरिकन मल्टीमोड सेट या चौकटीत बसत नाही. त्याला बाहेरची अँटेना लागते, एसएसबीवर तो १२ वॅट पीईपी (आवाजाच्या शिखरावरची पॉवर) देतो, आणि त्याचे ४० चॅनल २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेले आहेत. हिशेब करून पाहा : चॅनल २७ म्हणजे २७.२७५, ते आत येते. चॅनल २८ म्हणजे २७.२८५, ते बाहेर. २८ ते ४० सगळे मोकळ्या पट्ट्याच्या बाहेर.

ट्रान्समिट करू शकणारा सेट बाळगणे, विकणे आणि आयात करणे यांनाही नियम लागू होतात. म्हणून विकत घेण्याआधी किंवा परदेशातून आणण्याआधी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून, म्हणजे वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगकडून, सध्याची स्थिती लेखी विचारून घ्या. दुकानदाराच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या शब्दावर विसंबू नका.

सरळ रस्ता आहे हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालकाच्या, परवान्याचा. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही परीक्षा देता येते. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही. रेडिओचे तत्त्व व व्यवहार आणि नियम, असे अभ्यासाचे दोन भाग. अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. परवाना मिळाला की २८ ते २९.७ मेगाहर्ट्झचा १० मीटर पट्टा खुला होतो, तोही बाहेरच्या अँटेनासह. जुन्या मल्टीमोड सेटपासून हा पट्टा जेमतेम एक मेगाहर्ट्झ दूर आहे. संग्राहकाने एवढी एक परीक्षा द्यावीच, असे आम्हांला मनापासून वाटते. सेट कपाटात राहण्याऐवजी बोलू लागतो.

प्रश्न : मग माझा सेट २८ मेगाहर्ट्झवर कसा न्यावा? (औंध, परवाना आहे)

पहिली गोष्ट सर्किट. मॉडेलचे नाव बघून कामाला लागू नका, आतल्या पीएलएल (चॅनलची फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या) चिपचा नंबर वाचा. युनिडेनने बनवलेल्या जुन्या कोब्रा १४८ जीटीएल, कोब्रा २००० आणि प्रेसिडेंट ग्रँटमध्ये एमबी८७१९ असते. सायबरनेटच्या बोर्डांवर 'पीटीबीएम'ने सुरू होणारा नंबर छापलेला असतो आणि त्यांपैकी अनेकांत पीएलएल०२ए असते. एकाच नावाचा सेट वेगवेगळ्या वर्षांत वेगळ्या बोर्डावर निघालेला असतो, म्हणून चिप आणि बोर्ड या दोन नंबरांवरून सर्व्हिस मॅन्युअल शोधा.

ज्या सेटमध्ये पीएलएलच्या लूपमध्ये मिक्सिंग क्रिस्टल आहे, तिथे सर्वांत स्वच्छ पद्धत म्हणजे तो क्रिस्टल बदलणे. समजा चॅनल १ ला २६.९६५ ऐवजी २८.३०० हवे. सरकवायचे अंतर १.३३५ मेगाहर्ट्झ. सर्किटात त्या क्रिस्टलच्या फ्रिक्वेन्सीची तिप्पट होत असेल तर नवा क्रिस्टल जुन्यापेक्षा १.३३५ भागिले ३, म्हणजे ०.४४५ मेगाहर्ट्झने वरचा मागवायचा. तिप्पट होते की नाही हे मॅन्युअलमध्ये पाहूनच ठरवा, सगळीकडे होत नाही. या सरकवण्यात चॅनल ४० येते २८.७४० वर आणि चॅनल ९ बरोबर २८.४०० वर. १० मीटरवर एसएसबीची हाक बहुधा याच ठिकाणी ऐकू येते, म्हणून हा आकडा आम्ही सुचवतो.

एक खोच लक्षात ठेवा. सीबीचे चॅनल सलग १० किलोहर्ट्झने जात नाहीत. चॅनल ३ आहे २६.९८५ आणि ४ आहे २७.००५, मधले २६.९९५ रेडिओ कंट्रोलसाठी सोडलेले. अशा पाच जागा गाळलेल्या आहेत. वर चॅनल २३, २४, २५ यांचा क्रमही उलटापालटा आहे : २७.२५५, २७.२३५, २७.२४५. १९७७ च्या सुरुवातीला अमेरिकेत २३ चे ४० चॅनल झाले, तेव्हा मधल्या रिकाम्या जागा नव्या नंबरांनी भरल्या, त्याचा हा परिणाम. तुमच्या नव्या तक्त्यातही या खोचा तशाच उतरतील. तक्ता लिहून सेटच्या बुडाला चिकटवा.

क्रिस्टल बदलल्यावर व्हीसीओची, म्हणजे व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या ऑसिलेटरची, कॉइल. पीएलएलच्या कंट्रोल व्होल्टेजच्या टेस्टपॉइंटला मीटर लावा आणि मॅन्युअलमध्ये ज्या चॅनलला जेवढे व्होल्ट दिले आहेत तेवढे येईपर्यंत प्लास्टिकच्या चावीने गाभा हळूहळू फिरवा. सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या चॅनलवर व्होल्टेज टोकाला चिकटत नाही ना, ते पाहा. चिकटले तर लूप लॉक होत नाही आणि बहुतेक सेट ट्रान्समिट स्वतःच रोखून धरतात. 'सेट मेला' असे वाटणाऱ्या कित्येक रूपांतरांत बिघाड एवढाच असतो.

मग रिसीव्हचा पुढचा भाग मधल्या चॅनलवर सर्वांत जास्त आवाजाला लावा, आणि शेवटी ट्रान्समिटचे बँडपास व ड्रायव्हरच्या कॉइल डमी लोडवर. शेवटचा लो-पास फिल्टर विनाकारण छेडू नका, दुप्पट आणि तिप्पट फ्रिक्वेन्सीचा कचरा तोच अडवतो. काम झाल्यावर एखाद्या परवानाधारक मित्राच्या सेटवर दुप्पट फ्रिक्वेन्सी, म्हणजे ५६.८ मेगाहर्ट्झच्या आसपास, डमी लोडवर असतानाही जोरात ऐकू येते का पाहा.

हे सगळे टाळायचे असेल तर मुळातच १० मीटरसाठी बनवलेला जुना सेट शोधा. युनिडेन एचआर२५१० आणि प्रेसिडेंट लिंकन हे २८ ते २९.७ मेगाहर्ट्झवर एएम, एफएम, एसएसबी आणि सीडब्ल्यू (मोर्स) देतात. त्यांना हात लावायची गरजच नाही.

प्रश्न : काकांनी इंग्लंडहून आणलेला सेट चालू होतो, पण माझ्या अमेरिकन सेटशी डमी लोडवर, एकाच टेबलावरही बोलत नाही. दोन्हींवर चॅनल १९ आहे. (डेक्कन)

पुढच्या पत्र्यावर वर्तुळात 'सीबी २७/८१' असा छाप आहे का पाहा. असेल तर तो ब्रिटनमध्ये २ नोव्हेंबर १९८१ ला कायदेशीर झालेल्या पट्ट्याचा सेट आहे : फक्त एफएम, २७.६०१२५ ते २७.९९१२५ मेगाहर्ट्झ. चॅनलचा आकडा सारखा, फ्रिक्वेन्सी वेगळी, मोडही वेगळा. दोन्ही सेट निर्दोष आहेत. यातला एकही चॅनल भारतातल्या मोकळ्या पट्ट्यात येत नाही. हॅम परवाना असेल तर या सेटांचे, विशेषतः एलसी७१३७ चिप असलेल्यांचे, २९ मेगाहर्ट्झच्या एफएमवर चांगले रूपांतर होते. नसेल तर मूळ स्थितीत जपून ठेवा.

प्रश्न : भोसरीत कारखान्यांच्या जवळ राहतो. दिवसा मधल्या चॅनलांवर प्रचंड घरघर, रविवारी शांत. सेट बिघडला आहे का?

सेट ठीक आहे. २७.१२ मेगाहर्ट्झ ही उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या यंत्रांसाठी राखलेली फ्रिक्वेन्सी आहे आणि तिचा पट्टा दोन्ही बाजूंना १६३ किलोहर्ट्झ, म्हणजे बरोबर २६.९५७ ते २७.२८३. हा तोच आपला मोकळा पट्टा. प्लास्टिक आणि रेक्झिन चिकटवणारी हाय-फ्रिक्वेन्सी वेल्डिंग मशीन आणि फिजिओथेरपीतली शॉर्टवेव्ह डायथर्मी इथेच चालतात. चॅनल १३ (२७.११५) आणि १४ (२७.१२५) यांच्या मधोमध त्यांचा जोर असतो. काही सेकंद घरघर, मग थांबणे, पुन्हा घरघर, असा ताल असेल तर वेल्डिंग मशीनच समजा. यावर सेटमध्ये इलाज नाही. 'संरक्षण न मागता' ही अट नेमकी याच जागी लागू होते.

मात्र आवाज रविवारीही येत असेल तर घरात शोधा. सेटला यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी जोडा (फ्यूज लावून) आणि घराचा मेन स्विच बंद करा. आवाज गेला तर एकेक एमसीबी चालू करत चला. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, राउटरचा ॲडॅप्टर आणि इन्व्हर्टर हे नेहमीचे गुन्हेगार.

प्रश्न : एलईडी पट्ट्यांचा १२ व्होल्टचा एसएमपीएस चालेल का? (हडपसर)

करंट पुरेल, पण रिसीव्हमध्ये आवाज भरेल आणि १२ व्होल्टवर पॉवर कमी पडेल. घरीच साधा लिनियर सप्लाय बनवा : १५ व्होल्ट ५ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, १० अँपिअरचा ब्रिज रेक्टिफायर, १०,००० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कपॅसिटर, एलएम३३८ रेग्युलेटर. ॲडजस्ट पायापासून आउटपुटला १२० ओहम आणि ग्राउंडला १.२ किलोओहम लावले की १३.७५ व्होल्ट मिळतात. एलएम३३८ ला मोठे हीटसिंक द्या. ३ अँपिअरला १५ वॅटच्या आसपास उष्णता निघते. त्याचा पत्रा आउटपुटला जोडलेला असतो, म्हणून अभ्रक आणि इन्सुलेटिंग बुश विसरू नका. आउटपुटला १६ व्होल्टच्या वर गेल्यास फ्यूज उडवणारी क्रोबार असावी. रेग्युलेटर शॉर्ट झाला तर वीस व्होल्ट सरळ सेटमध्ये जातात.

प्रश्न : फायनल ट्रान्झिस्टर २एससी१९६९ गेला. बाजारातून दोन बदलले, दोन्ही गेले. (चिंचवड, वारजे)

फायनल म्हणजे ट्रान्समिटची पॉवर देणारा शेवटचा ट्रान्झिस्टर. तो जाण्याच्या तीन शक्यता आहेत, आणि बहुधा एकाच वेळी दोन खऱ्या असतात.

नकली माल. हा ट्रान्झिस्टर मित्सुबिशीचा, आणि त्याच्या नावाने दुसरेच काहीतरी छापून विकले जाते. ॲसिटोनच्या बोळ्याने अक्षरे पुसली गेली तर परत करा. न पुसली तरी खरा असेलच असे नाही. खरी कसोटी डमी लोडवर : ड्रायव्हर चांगला असूनही एसएसबीत १२ च्या ऐवजी पाच-सहा वॅटच निघत असतील तर माल संशयास्पद.

बसवण्यात चूक. अक्षरे समोर धरली की पाय डावीकडून बेस, कलेक्टर, एमिटर. पत्रा कलेक्टरला जोडलेला, म्हणजे त्यावर १३.८ व्होल्ट असतात. अभ्रकाचा तुकडा किंवा स्क्रूचा प्लास्टिक बुश राहिला तर सरळ शॉर्ट. बसवल्यावर, सेट चालू करण्याआधी, पत्रा आणि चेसिस यांत मीटर लावा. तिथे बीप वाजता कामा नये. थर्मल पेस्टचा पातळ थर दोन्ही बाजूंना.

तिसरी शक्यता बायस, म्हणजे न बोलता ट्रान्झिस्टरने किती करंट घ्यावा ते ठरवणारी जोडणी, आणि हीच सर्वांत दुर्लक्षित. फायनल जातो तेव्हा पुष्कळदा बायसचा डायोड किंवा ट्रान्झिस्टरही घेऊन जातो. मग नवा ट्रान्झिस्टर न बोलताच अर्धा अँपिअर ओढतो आणि मिनिटभरात जातो. यूएसबीवर ठेवा, डमी लोड लावा, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या टेस्टपॉइंटमध्ये मिलीअमीटर घाला, बायसचा प्रीसेट (स्क्रूने फिरणारा छोटा पॉट) आधी सर्वांत कमी करा. बटण दाबून, काही न बोलता, मॅन्युअलमधला आकडा लावा. या वर्गातल्या अनेक सेटांना तो ५० मिलीअँपिअरच्या आसपास असतो. प्रीसेट फिरवूनही करंट खाली येत नसेल तर थांबा. बायस सर्किट दुरुस्त झाल्याशिवाय तिसरा ट्रान्झिस्टर घालू नका.

आयआरएफ५२० मॉसफेट 'पाय जुळतात' म्हणून काही जण देतात. पाय जुळतात, बायस जुळत नाही. गेटला तीन-चार व्होल्ट लागतात. सर्किट न बदलता तो बसवू नये.

आणि हे सगळे करून सेट खराब अँटेनावर लावला तर पुन्हा तेच. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून परत येणाऱ्या पॉवरचे माप, १.५ असेल तर ४ टक्के पॉवर परत येते, २ ला ११, ३ ला २५ टक्के. २ च्या वर एसडब्ल्यूआर असताना बोलू नका.

प्रश्न : १० मीटरसाठी इमारतीच्या गच्चीवर साधी अँटेना? (कर्वेनगर, परवाना आहे)

डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या दोन सारख्या तारा. १४३ भागिले २८.४ म्हणजे ५.०३ मीटर, प्रत्येक बाजू २.५२ मीटर. तार २.६० मीटरची कापा आणि दोन्ही बाजूंनी सारखी कमी करत या. प्रत्येक बाजूची १ सेंटिमीटर तार कमी केली की रेझोनन्स साधारण ११० किलोहर्ट्झने वर सरकतो. खालच्या फ्रिक्वेन्सीला एसडब्ल्यूआर जास्त आणि वरच्याला कमी असेल तर तार आखूड झाली आहे, उलट असेल तर लांब आहे. पीव्हीसीची घरगुती वायर वापरली तर अंतिम लांबी दोन-चार टक्क्यांनी कमी भरते. म्हणूनच एकदम कापू नये.

मधल्या जोडाजवळ कोॲक्स केबलचीच ६ वेटोळी, १० सेंटिमीटर व्यासाची, टेपने बांधा. ती नसली तर केबलचे बाहेरचे कवच अँटेनासारखे वागते आणि शेजाऱ्यांच्या स्पीकरमधून तुमचा आवाज येतो. केबल २० मीटरपर्यंत असेल तर आरजी-५८ चालेल, दीड डेसिबलच्या आसपास नुकसान होते. त्यापेक्षा लांब असेल तर आरजी-२१३ घ्या. टीव्हीची आरजी-६ पडून असेल तर तीही चालते. ती ७५ ओहमची आहे एवढ्यामुळे फार बिघडत नाही, पण तिच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला सोल्डर धरत नाही, तिथे दाबून बसवायचा कनेक्टर लागतो.

उंची गच्चीपासून किमान पाच मीटर. बांबू उत्तम. सोसायटीची परवानगी आधी घ्या. एप्रिल-मेच्या वळवाच्या दिवसांत वापर नसताना केबल सेटपासून काढून घराबाहेर ठेवा. वीज प्रत्यक्ष पडली नाही तरी ढगांमुळे तारेवर साचणारा भार रिसीव्हचा पहिला ट्रान्झिस्टर मारायला पुरतो.

प्रश्न : एसएसबीवर माणसाचा आवाज बदकासारखा येतो. क्लॅरिफायरने (फ्रिक्वेन्सी बारीक जुळवणाऱ्या नॉबने) जुळवला की दहा मिनिटांत पुन्हा सरकतो. पावसाळ्यात जास्त. (धायरी)

बदकासारखा आवाज म्हणजे तुमची आणि समोरच्याची फ्रिक्वेन्सी थोडी वेगळी आहे, किंवा तुम्ही यूएसबीऐवजी एलएसबीवर आहात. पहिली वीस-तीस मिनिटे सरकणे जुन्या सेटचा स्वभाव आहे. तापू द्या. त्यानंतरही सरकत असेल तर आधी आतल्या रेग्युलेटेड लाइनचे व्होल्ट मोजा. ते हलत असतील तर बाकी काही शोधू नका. ते स्थिर असतील तर क्लॅरिफायरचा पॉट साफ करा आणि क्रिस्टलजवळचे छोटे ट्रिमर पाहा. ट्रिमरच्या चकत्यांमध्ये दमट हवेने गंज धरतो. जुनी जागा पेन्सिलने खूण करून थोडे मागे-पुढे फिरवा आणि खुणेवर परत आणा.

जागा नेमकी शोधायला केस वाळवण्याचा ड्रायर लांबून, कागदाच्या नळीतून, एकेका भागावर सोडा. ज्या ठिकाणी आवाज झपकन सरकतो तिथला कपॅसिटर बदला, मूळ तापमान-गुणांकाचाच (एनपी०, म्हणजे तापमानाने न बदलणारा, असेल तर एनपी०). काही सेटांत व्हीसीओच्या डबीत कंपन रोखायला मेण ओतलेले असते. जुने झालेले मेण ओल आणि धूळ धरते. ते इस्त्रीने वितळवू नका, लाकडी काडीने कोरून काढा.

पावसाळ्यात सेट झाकणबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि महिन्यातून एकदा तासभर चालू करा.

प्रश्न : दुपारी अनोळखी भाषांतली बोलणी ऐकू येतात, रात्री सगळे गप्प. का? (बाणेर)

आयनांबरातला एफ२ थर दिवसा इतका दाट होतो की २७-२८ मेगाहर्ट्झही परतवतो. सूर्यडागांचे चक्र साधारण ११ वर्षांचे. त्याचा भर असताना हे रोज घडते, ओसरताना विरळ होते. सकाळी पूर्वेकडचे, दुपार कलल्यावर पश्चिमेकडचे देश आधी येतात. मे ते ऑगस्टमध्ये अचानक उघडणारी आणि तासाभरात मिटणारी जवळची बोलणी स्पोरॅडिक ई थरामुळे.

प्रश्न : माइक हरवला आहे. सेटला दिवे लागतात, पण काहीच आवाज नाही. (रास्ता पेठ)

पुष्कळ जुन्या सेटांत स्पीकरची वाट माइकच्या बटणातूनच जाते. माइक नाही तर रिसीव्हही नाही. चार पिनांच्या कोब्रा-युनिडेन जोडणीत १ ग्राउंड, २ आवाज, ३ ट्रान्समिट, ४ रिसीव्ह. जुळणाऱ्या प्लगमध्ये १ आणि ४ जोडून घाला, आवाज आला तर सेट शाबूत आहे. पाच पिनांच्या डीआयएन सॉकेटला ही जोडणी लागू नाही. तिथे मॅन्युअल पाहूनच तार लावा. नवा माइक घेताना जुन्या माइकचा प्लग कापून लावलेला नको, कारण एकाच प्लगच्या आत कंपनीगणिक जोडणी बदलते. मीटरने बटण दाबून आणि सोडून चारही तारा तपासा, मगच सेटमध्ये घाला.